घरात कुणाला दमा आहे का?

डॉक्टरांनी हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो २००५ च्या पावसाळ्यात. चार वर्षांची लेक माझ्या मांडीवर होती. आठ दिवस ती रात्र रात्र खोकत होती. शेजारच्या खुर्चीवर तिचे वडील बसले होते, मागे सासूबाई उभ्या होत्या. डॉक्टरांनी कागदावर लिहिता लिहिता सहज विचारले, "घरात कुणाला दमा, इसब, शिंकांचा त्रास?"

मी म्हणाले, "नाही. आमच्याकडे कुणालाच नाही."

ते खोटे होते. त्या खोट्याची किंमत माझ्या मुलीने पुढे दीड वर्ष मोजली. आज ती चोवीस वर्षांची आहे, तिच्या लग्नाची बोलणी सुरू आहेत, आणि तोच प्रश्न पुन्हा आमच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला आहे. म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही नदाफ. काही भागांत आम्हाला पिंजारी म्हणतात, काही ठिकाणी मन्सुरी. कराडजवळच्या गावात माझ्या आजोबांचे गाद्या-रजयांचे दुकान होते. आम्ही त्यांना बडे अब्बा म्हणायचो. दिवाळी झाली, थंडी पडू लागली की कामाचा हंगाम सुरू व्हायचा. लोक जुन्या गाद्या आणून टाकायचे. त्या उसवायच्या, आतला गठ्ठा झालेला कापूस फोडायचा, आणि छताला टांगलेल्या पिंजणाची तात छेडत तो मोकळा करायचा. त्या तातेचा आवाज अजून माझ्या कानात आहे. आणि त्याबरोबर ऐकू येणारा दुसरा आवाजही आहे, बडे अब्बांच्या छातीतल्या शिट्टीचा. संध्याकाळी काम संपले की ते ओट्यावर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वर उचलून बसायचे. दादीमा पाणी गरम करून आणायची. कुणी विचारले तर एकच उत्तर असायचे, "कापसाची धूळ. धंद्याचा दमा आहे."

घरात सगळ्यांनी तेच धरून ठेवले होते. पण एक गोष्ट कुणी बोलत नव्हते. बडे अब्बांचे सख्खे भाऊ त्यांच्याच शेजारी बसून, तोच कापूस, तितकीच वर्षे पिंजत होते. त्यांना कधी साधी धाप लागली नाही. उलट माझा धाकटा चाचा शाळा-कॉलेजात शिकलेला, दुकानात फारसा न बसलेला. त्याला मात्र लहानपणापासून दमा.

चाचाचे लग्न १९८९ मध्ये ठरले होते. मुलगी चांगल्या घरची. मंगनी झाली. कराडच्या डॉक्टरांनी त्याला पंप दिला होता. घरातल्या मोठ्यांनी त्याला दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, पंपाची सवय लागते, अगदीच जीव कासावीस झाला तरच ओढायचा. दुसरी, लग्न होईपर्यंत पंप कुणाच्या दृष्टीस पडता कामा नये. डिसेंबरात मुलीच्या गावी दावत होती. चाचा पंप घरी कपाटात ठेवून गेला. खिशात फुगीर दिसला असता म्हणून. जेवणे झाली, गप्पा रंगल्या, मुक्काम करायचे ठरले. अंगावर घ्यायला जुनी रजई मिळाली. रात्री दोनच्या सुमारास त्याची छाती भरली. जीप मिळेपर्यंत तास गेला. कराडला पोहोचेपर्यंत तो गेला होता. एकोणतीस वर्षांचा होता.

लोकांना सांगितले, हार्ट अटॅक आला. मागे माझी फुफी लग्नाची होती, आम्ही बहिणी वाढत होतो. दम्याचे नाव निघाले असते तर घरावर शिक्का बसला असता. तेच खोटे बोलत बोलत आम्हालाही ते खरे वाटू लागले. १९९८ मध्ये माझा निकाह झाला तेव्हा सासरी हीच हकिगत सांगितली गेली. मला स्वतःला रोज सकाळी उठल्यावर पंधरा-वीस शिंका येतात, नाक गळते, डोळे खाजतात. त्यालाही नाव होते, "हिला सकाळी जरा सर्दी असते."

आता समजेल, दवाखान्यात माझ्या तोंडून "नाही" का निघाले. मागे सासूबाई उभ्या होत्या.

लेकीला पाच महिन्यांची असताना गालांवर आणि मग कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या मागे लाल चट्टे उठले होते. रात्रभर खाजवायची, चादरीवर रक्ताचे ठिपके पडायचे. कुणी म्हणाले दृष्ट लागली, कुणी म्हणाले उष्णता. तिसऱ्या वर्षी चट्टे कमी झाले आणि मी सुटकेचा श्वास सोडला. मग खोकला सुरू झाला. मी "नाही" म्हटल्यावर डॉक्टरांनी छातीतला कफ, जंतुसंसर्ग असे धरून औषध दिले. चार दिवस बरे वाटायचे, पुन्हा तेच. दर महिन्याला अँटिबायोटिकची नवी बाटली. डॉक्टरांचा मी दोष मानत नाही. लहान मुलांत दमा ओळखायला एकच अशी रक्ततपासणी नसते. फुंकर मारून श्वास मोजायची तपासणी पाच वर्षांच्या आतल्या मुलांना नीट जमत नाही. अशा वेळी डॉक्टर ज्या आधारावर अंदाज बांधतात, त्यातला एक मोठा आधार म्हणजे घराण्याचा इतिहास. तो मी त्यांच्या हातातून काढून घेतला होता.

२००६ च्या डिसेंबरात, ऊस तुटून गेल्यावर शेतांत पाचट पेटवतात त्या दिवसांत, एका रात्री लेकीच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जाऊ लागली. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि खांदे वर उचलले. ती अगदी बडे अब्बांसारखी बसली होती. पाच वर्षांच्या पोरीला हे बसणे कुणी शिकवले नव्हते. श्वास अडला की माणूस तसाच बसतो, हे मला आता माहीत आहे. पण त्या रात्री मला वाटले, माझे सगळे घराणे माझ्यासमोर येऊन बसले आहे.

दवाखान्यात नेब्युलायझरची वाफ दिली, पहाटे तिचा श्वास खाली बसला. सकाळी छातीचे डॉक्टर आले. तोच प्रश्न. या वेळी मी नवऱ्याकडे न बघता सगळे सांगितले. बडे अब्बा, चाचा, कपाटातला पंप, हार्ट अटॅकचे खोटे, माझ्या शिंका, लेकीचे चट्टे. बोलता बोलता रडू आले.

डॉक्टरांनी मध्ये तोडले नाही. मग ते लेकीच्या वडिलांकडे वळले. "आणि तुमच्याकडे?"

हे म्हणाले, "आमच्याकडे काही नाही."

"तुमचे डोळे लाल दिसतायत."

"ते दरवर्षी या दिवसांत खाजतात. अब्बांनाही व्हायचं. माझ्या बहिणीला अंगावर गांधी उठतात."

डॉक्टर हसले. "म्हणजे दोन्हीकडून आहे."

त्यांनी त्या दिवशी जे समजावले ते मी पुढे वाचत, विचारत वाढवत गेले. विज्ञानाची शिक्षिका असूनही यातले मला काही माहीत नव्हते, याची लाज वाटते. सोप्या शब्दांत सांगते.

इसब, नाकाची अ‍ॅलर्जी आणि दमा ही दिसायला तीन दुखणी असली तरी त्यांच्या मुळ्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पुष्कळ मुलांत ती एकामागून एक येतात. तान्हेपणी कातडीवर, मग नाकात, मग छातीत. शरीराची राखण करणारी यंत्रणा निरुपद्रवी गोष्टीलाही शत्रू समजते, मग ती धूळ असो, परागकण असोत, बुरशी असो की मांजराचा कोंडा. ती त्याविरुद्ध हत्यार उपसते. रक्तातल्या त्या हत्याराला आयजीई म्हणतात. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत काम करणाऱ्या इशिझाका या जपानी पती-पत्नीने आणि स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी ते स्वतंत्रपणे शोधले.

आपल्या हकिमांना ही दुखणी अपरिचित नव्हती. अल-राझी यांनी हजारेक वर्षांपूर्वी एक छोटा प्रबंध लिहिला होता. अबू झैद अल-बल्खी या विद्वानांना वसंतात गुलाबाच्या वासाने सर्दी का होते, हा त्याचा विषय. बाराव्या शतकात मिसरमध्ये राहणारे ज्यू हकीम मूसा इब्न मैमून यांनी दम्यावर अरबीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ही दुखणी घराण्यांत फिरतात याची मोजदाद मात्र फार उशिरा झाली. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कुक आणि व्हँडर व्हीर या डॉक्टरांनी पाचशेवर रुग्णांच्या घरची चौकशी केली. जवळपास निम्म्यांच्या नात्यात अशीच दुखणी सापडली. निरोगी लोकांच्या घरी हे प्रमाण कितीतरी कमी होते. पुढे १९२३ मध्ये या कलाला 'अ‍ॅटोपी' हे नाव पडले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जागा सोडून असलेले, विचित्र. घराण्यातून येते पण नेमके कसे ते कळत नाही, म्हणून विचित्र.

कसे येते, याची उत्तरे गेल्या वीस वर्षांत मिळू लागली. २००६ मध्ये, म्हणजे माझी लेक दवाखान्यात होती त्याच वर्षी, स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या शास्त्रज्ञांच्या गटाने दाखवले की कातडीची वरची विणकर घट्ट ठेवणारे फिलॅग्रिन नावाचे एक प्रथिन आहे, आणि त्याच्या जनुकात बिघाड असलेल्यांना इसब जास्त होतो, इसबाबरोबर दमाही. मला हे आमच्या धंद्याच्या भाषेत चटकन समजले. गादीची खोळ विरविरीत कापडाची असेल तर आतला कापूस बाहेर येतो आणि बाहेरची धूळ आत जाते. कातडीचे तसेच. ओल बाहेर जाते, त्रास देणारे कण आत शिरतात, आणि आतली राखणदार यंत्रणा लहानपणीच बिथरते.

२००७ मध्ये सतराव्या गुणसूत्रावर बालपणीच्या दम्याशी जोडलेली एक जागा सापडली. मग जागा वाढतच गेल्या. २०१७ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक लोकांची तपासणी एकत्र करून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दमा, नाकाची अ‍ॅलर्जी आणि इसब यांच्याशी निगडित अशा ९९ जागा मिळाल्या. त्यांतल्या बहुतेक तिन्ही दुखण्यांना सामाईक. एकेका जागेचा वाटा अगदी लहान, चिमूटभर. दमा देणारे एकच जनुक नाही. चिमटी चिमटीने जमत जाते. काही चिमटी आईकडच्या, काही वडिलांकडच्या. आई-वडिलांपैकी एकाला त्रास असेल तर मुलाला होण्याची शक्यता वाढते, दोघांना असेल तर आणखी वाढते. पण ती शक्यताच असते.

हा शेवटचा मुद्दा मला दोन गोष्टींनी पटला. अ‍ॅटलांटिक महासागराच्या दक्षिण भागात त्रिस्तान द कुन्हा नावाचे एक एकाकी बेट आहे. तिथली सगळी वस्ती बाहेरून येऊन राहिलेल्या पंधरा-एक जणांपासून वाढली. त्या पहिल्यांपैकी काहींना दमा होता. आपसातच लग्ने होत गेली. १९६१ मध्ये ज्वालामुखी जागा झाला तेव्हा सगळ्यांना इंग्लंडला हलवले, आणि तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आले की यांच्यात दमा फार. पुढे १९९० च्या दशकात टोरांटोचे डॉक्टर बेटावर जाऊन तपासून आले, तेव्हा सुमारे तीनशे लोकांच्या त्या वस्तीत निम्म्याच्या आसपास लोकांत दम्याच्या कमी-अधिक खुणा मिळाल्या. हे वाचून माझा जीव घाबरा झाला होता. मग लक्षात आले, एकाच रक्ताच्या त्या बेटावरही कितीतरी जण मोकळा श्वास घेत होते. जुळ्यांचेही तसेच. दिसायला हुबेहूब, जनुके तीच, तरी एकाला दमा असतो आणि दुसऱ्याला नसतो.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या दोन शेतकरी समाजांची. आमिश आणि हटराइट. दोघांचे पूर्वज युरोपातून आलेले, जनुकांची ठेवण सारखी. २०१६ मध्ये त्यांच्या मुलांवरचा अभ्यास आला. आमिश मुलांत दम्याचे प्रमाण ५ टक्के, हटराइट मुलांत २१ टक्के. आमिश अजून घोड्यांनी शेती करतात, त्यांचे गोठे घराला लागून. हटराइटांची शेती मोठ्या यंत्रांची, मुले गोठ्यापासून दूर. आमिश घरांतल्या धुळीत जंतूंचे अंश कितीतरी जास्त निघाले, आणि त्यांच्याशी लहानपणापासून ओळख झालेली राखणदार यंत्रणा शांत राहायला शिकली असावी, असा निष्कर्ष होता. याचा अर्थ मुलांना शेणात लोळवावे असा नव्हे. दमा झालेल्या मुलाला धूळ त्रासच देते. अर्थ इतकाच की रक्त तेच असले तरी निकाल तोच लागत नाही.

बडे अब्बांचे कोडे मला इथे सुटले. त्यांचे म्हणणे निम्मे खरे होते. जुन्या गादीत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे लाखांनी असतात आणि अ‍ॅलर्जीच्या मोठ्या कारणांपैकी ते एक आहेत. धंद्याने आग लावली, पण सरपण आधीच घरात होते. त्यांच्या भावाकडे ते नव्हते, म्हणून ते त्याच धुळीत बसून सुखरूप राहिले.

दवाखान्यातून घरी आल्यावर सासरी जे व्हायचे ते झाले. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत, मग एकदम बोलल्या. "तुमच्या घरचं दुखणं आमच्या नातीला दिलंत, आणि वर लपवलंत." दुसऱ्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पहिल्याला होते. यांचे डोळे, नणंदेच्या अंगावरच्या गांधी, सगळे मी मोजून दाखवू शकत होते. आणि आणखी एक गोष्ट होती. सासरे दिवसाला बंडलभर बिडी ओढायचे, घरातच, नातीला मांडीवर घेऊन. पुढे मी वाचले की सतराव्या गुणसूत्रावरची ती जागा ज्यांच्यात तशी असते, त्या मुलांना कोवळ्या वयात तंबाखूचा धूर मिळाला तर दम्याचा धोका आणखी वाढतो. २००८ च्या अभ्यासात हे दिसले. वाचले तेव्हा क्षणभर वाटले, कागद नेऊन सासऱ्यांसमोर ठेवावा.

ठेवला नाही. त्या माणसाने नातीवर जीव ओवाळून टाकला होता. त्यांना काय ठाऊक होते? आणि मला माझी जनुके निवडता आली होती का? मी त्यांना एवढेच म्हटले, "अब्बा, डॉक्टर म्हणतात धुराने तिची छाती भरते." सासरे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते बिडी ओढायला पिंपळाच्या पारावर जाऊ लागले. घरी येताना चूळ भरून, सदरा बदलून यायचे. दोन वर्षांनी त्यांनी बिडी सोडली. सुनेने सांगून त्यांनी कधी काही ऐकले नव्हते, नातीच्या छातीने ऐकायला लावले.

घरात बाकीचे बदलही हळूहळू झाले. मच्छर कॉइल बंद, मच्छरदाणी आली. माझ्या माहेरची कापसाची गादी लेकीच्या खोलीतून काढली, त्या दिवशी मला वाईट वाटले. चादरी, अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात. पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरली की लगेच पुसायची. जुमेरातचे लोबान अंगणात.

आणि पंप. चाचाच्या कपाटातल्या पंपाची भीती मनातून जायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. डॉक्टरांनी समजावले, रोज घ्यायचा पंप वेगळा. त्यातले औषध मायक्रोग्रॅममध्ये असते, थेट श्वासनलिकेत जाते आणि आतली सूज उतरवते. त्याची सवय लागत नाही. चष्म्याची लागते का सवय? झटक्यात आराम देणारा पंप नळी मोकळी करतो, पण सूज तशीच ठेवतो. नुसत्या त्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे. लहानपणी लेक प्लास्टिकच्या स्पेसरमधून औषध घ्यायची, नंतर चूळ भरायची. सहा महिन्यांत तिचा रात्रीचा खोकला थांबला. चौथीत ती धावण्याच्या शर्यतीत तिसरी आली. दीड वर्ष ज्या पोरीला मी बाटल्या पाजल्या होत्या, तिला मैदानावर पळताना बघून मी शाळेच्या भिंतीमागे जाऊन रडले.

रमजानचा प्रश्न घराघरात येतो. लेकीच्या रोजच्या पंपाच्या दोन वेळा डॉक्टरांनी सेहरी आणि इफ्तारला बसवून दिल्या. दिवसा धाप लागली तर पंप घ्यायचाच, हे आम्ही घरात ठरवून टाकले आहे. त्याने रोजा राहतो की कजा करायचा, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. आपल्या आलिमांना विचारावे. पण आजाऱ्याला दीनने सवलत दिली आहे, आणि श्वास अडलेला असताना मसला विचारत बसायची वेळ नसते.

आता लग्नाचे.

लेकीने एम.कॉम. केले, पतसंस्थेत नोकरीला आहे. गेल्या वर्षी पहिला रिश्ता फुफीने आणला, तिच्याच घरच्या मुलाचा. "घरातल्या घरात. काही लपवायला नको, काही सांगायला नको." तिच्या मायेवर शंका नाही. पण त्या मुलालाही लहानपणी इसब होता, अजून धूळ चालत नाही. मी आमच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, दमा एका जनुकाचा आजार नाही, त्यामुळे नात्यातल्या लग्नाने तो हमखास येईल असे कुणी म्हणू नये. पण दोन्हीकडे तोच वारसा असेल तर मुलांच्या वाट्याला तो जास्त येण्याची शक्यता असते. थॅलेसेमियासारख्या एका जनुकाच्या आजारांत नात्यातल्या लग्नाचा धोका अगदी स्पष्ट आहे, आणि त्याची तपासणी लग्नाआधी करून घ्यावीच. लेकीने फुफीला नम्रपणे नको म्हटले. फुफी अजून थोडी रुसलेली आहे.

दुसरा रिश्ता साताऱ्याकडून आला. लोक चांगले, मुलगा इंजिनिअर. बघायला येणार त्याच्या आदल्या रात्री फुफीचा फोन आला. "पंपाचं नाव काढू नकोस. निकाह झाला की कळेल तेव्हा कळेल. तुझ्या वेळी आम्ही काय सांगितलं होतं?"

मी फोन हातात घेऊन गप्प बसले. एकावन्न वर्षांची बाई, रोज वर्गात मुलांना खरे बोलायला शिकवणारी. तरी खरे सांगते, माझ्या मनात आले, फुफी चुकीचे काय बोलते? पोरगी ठणठणीत आहे, वर्षानुवर्षे दवाखान्याचे तोंड पाहिलेले नाही. न सांगितले तर काय बिघडेल?

लेक दारात उभी होती. सगळे ऐकले होते. ती म्हणाली, "अम्मी, चाचा-दादांचा पंप कपाटात राहिला होता ना? मी माझा पर्समध्ये घेऊन जाणार. त्यांच्या घरात टेबलावर ठेवणार. तो बघून ज्यांना पोरगी नको, त्यांच्या घरी रात्री दोन वाजता मला काय झालं तर गाडी कोण काढेल?"

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः सांगितले. मला दमा आहे, औषध रोज घेते, त्याने बरी असते, मुलांना होऊ शकतो, होणारच असे नाही. पाहुण्यांनी चहा संपवला, "कळवतो" म्हणाले. आठ दिवसांनी निरोप आला, मुलाचा एवढ्यात विचार नाही. लेक एक दिवस गप्प होती. मग कामाला गेली.

तिसरे स्थळ कोरेगावचे. तिथेही तिने तेच सांगितले, तितक्याच शांतपणे. मुलाची आई ऐकत होती. काही बोलली नाही. मला वाटले, हेही गेले.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. मी उचलला. तिकडे थोडा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "बाजी, एक विचारायचं होतं. आमच्याकडे दर जुमेरातीला घरभर लोबान फिरवतात. माझ्या सासूपासूनची रीत आहे. तिला त्याचा त्रास होईल का? होत असेल तर अंगणात करू."

मला लगेच उत्तर देता आले नाही. गळा दाटून आला होता. त्यांना वाटले, फोन कट झाला. "हॅलो, हॅलो" करत राहिल्या.

लग्न अजून ठरलेले नाही, बोलणी चालू आहेत. जे होईल ते खैरियतीचे होवो. पण त्या रात्री मी बडे अब्बांची जुनी वही काढली. घरातले जन्म, निकाह, इंतकाल सगळे त्यात लिहिलेले आहे. १९८९ च्या पानावर चाचाच्या नावापुढे कुणीतरी लिहिले होते, हार्ट अटॅक. मी ते खोडले नाही. त्याच्या खाली माझ्या अक्षरात लिहिले, दमा. मग एक कोरे पान घेतले आणि कुणाला इसब, कुणाला शिंका, कुणाला दमा, कुणाला कशाने त्रास होतो आणि कोणत्या औषधाने आराम पडतो, हे नावागणिक लिहून काढले. माझ्याकडचे आणि यांच्याकडचेही.

लेक सासरी जाईल तेव्हा दागिन्यांबरोबर त्या पानाची एक प्रत तिच्यासोबत देणार आहे. उद्या तिच्या मांडीवर मूल असेल आणि डॉक्टर विचारतील, घरात कुणाला दमा आहे का? तिला मागे वळून कुणाकडे बघावे लागणार नाही.